दोन दिवसांनी मोठा

मुंबई-गोवा रस्त्याने कोकणात जाणाऱ्याला माणगाव ठाऊक असतं ते खोळंब्यासाठी. गणपतीत तर विचारूच नका. इंदापूर मागे पडलं की गाड्यांची शेपटी लागते, पोरं कंटाळून रडायला लागतात, ड्रायव्हर दार उघडून एक पाय बाहेर टाकून बसतो. असाच एका जुलैत अडकलो होतो. पावसाने घटकाभर उघडीप दिली म्हणून उतरलो, पाय मोकळे करत फिरलो आणि तहसील कार्यालयाच्या आवारात एका सैनिकाच्या पुतळ्यापाशी येऊन थांबलो. लहानपणापासून वर्षातून दोनदा या गावातून जाणारा मी. पुतळा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

परतताना चहा घेतला. चहावाल्याला विचारलं, "तो पुतळा कोणाचा हो?"

"घाडगे. मिल्ट्रीतले. लढाईत गेले."

"कुठल्या लढाईत?"

"जुन्या," तो म्हणाला आणि गाळणीतला चोथा झटकून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे लढायांचे दोनच प्रकार. एक आपल्या, म्हणजे पाकिस्तान आणि चीन. आणि दुसऱ्या जुन्या. त्यात पानिपतही येतं आणि इटलीही.

नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. ब्रिटिश साम्राज्याचं सर्वोच्च शौर्यपदक. जन्म १६ नोव्हेंबर १९२१, याच माणगाव तालुक्यातलं पळसगाव. तेव्हा हा जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव त्याला १९८१ साली मिळालं. मृत्यू १० जुलै १९४४, इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. तेविसावं वर्ष पुरं व्हायला चार महिने होते. मी पुतळ्यापाशी उभा होतो तोही जुलैच होता, हे मात्र घरी येऊन तारखा वाचल्यावर लक्षात आलं.

व्हिक्टोरिया क्रॉस देताना जे मानपत्र छापतात त्याला फौजेत साइटेशन म्हणतात. घाडग्यांचं साइटेशन २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात आलं. इंग्रजीतला एक परिच्छेद. कोरडा, सरकारी. माझ्या शब्दांत सांगायचा तर असा: पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. नाईक घाडगे यांच्या हाताखालच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. कमांडर सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण ठार झाला किंवा जखमी झाला. सोबत यायला आता कुणी उरलेलं नाही हे पुरतं ठाऊक असूनही, जराही न कचरता, घाडगे त्या मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला. गन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. मग टॉमी गनने आणखी एकाला टिपलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच झोडपून ठार केलं. त्यानंतर शत्रूच्या दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. एकट्याने घेतलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला.

इतकंच. घडायला फार तर दोन-तीन मिनिटं लागली असतील.

आमच्या इमारतीत एक निवृत्त सुभेदार राहतात. आम्ही सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतो. सकाळी पार्किंगमध्ये स्वतःची स्कूटर स्वतः धुतात आणि दुसऱ्याची चुकीच्या जागी लावलेली दिसली की वॉचमनला ओरडतात. मी त्यांना हा परिच्छेद मराठीत वाचून दाखवला. मला वाटलं होतं ते शौर्याबद्दल बोलतील. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "यातली मेन गोष्ट तुम्ही घाईत वाचली."

"कुठली?"

"सेक्शन."

मग त्यांनी मला सेक्शन समजावून सांगितलं. बटालियनला आमचे लोक पलटण म्हणतात, ती आठशे-हजारांची. कंपनी शंभरावर. सेक्शन म्हणजे साधारण दहा जण, आणि त्यांचा कमांडर नाईक. बाहीवर दोन फिती. "पलटणीचं नाव छातीवर असतं," काका म्हणाले, "पण मांडीला मांडी लावून जेवतो ते सेक्शनमध्ये. कमांडरला सगळं ठाऊक असतं. कोणाची म्हैस व्यायलीय, कोणाची बायको रुसून माहेरी बसलीय, कोणाला रात्री खोकला येतो. खोकला तर फार महत्त्वाचा, रात्री दबा धरून बसायचं असतं ना. ती सगळी पोरं त्याच्या डोळ्यांदेखत पडली. तुम्ही विचारता, तो पुढे धावला कशासाठी. मी विचारतो, तो मागे वळून जाणार होता कुणाकडे?"

मी गप्प बसलो. 'सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे पुरतं ठाऊक असूनही' हे वाक्य लंडनच्या कारकुनाने शौर्य ठसवायला घातलं असणार. काकांनी ते उलटं करून दाखवलं. कुणी उरलं नाही म्हणूनच.

आणि मग ते आणखी एक बोलले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या शिफारशीला साधारणपणे तीन साक्षीदार लागतात. म्हणजे कुणीतरी पाहत होतं. "जखमी माणूस पडलेला असतो," काका म्हणाले, "डोळे उघडे असतात त्याचे." तेव्हापासून तो परिच्छेद मला वेगळाच दिसतो. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, बंदूक नळीकडून धरली, हे तपशील कुणी साहेबाने दुर्बिणीतून टिपलेले असतील असं मला वाटत नाही. ते जमिनीच्या उंचीवरून पाहिलेले वाटतात.

त्या नळीबद्दल. जर्मनांच्या हाती तेव्हा जी एमजी-४२ मशीनगन असे ती मिनिटाला १,२०० गोळ्या झाडायची. एकेक आवाज सुटा ऐकूच यायचा नाही, कापड टराटरा फाडल्यासारखी सलग चिरफाड. टॉमी गन त्यापुढे जवळच्या झटापटीचं हत्यार. मिनिटाला सातशेच्या आसपास वेग, पण मॅगझीनमध्ये गोळ्या वीस किंवा तीस. घोडा दाबून धरला तर तीन सेकंदांत खेळ खलास. वजन साडेचार-पाच किलो. आणि गोळीबार करून झाल्यावर नळी तापलेली. ती दोन्ही हातांनी धरून डोक्यावरून खाली आणायची, ही क्रिया कुठल्याही ड्रिलच्या मैदानावर शिकवत नाहीत.

ती क्रिया मी पाहिलेली आहे. दिवाळीच्या आसपास कोकणात भात झोडतात. पेंढीचा बुडखा दोन्ही हातांत, वरून खाली फळीवर दाणकन. पुन्हा वर. कमरेतून येणारा जोर. लहानपणापासून ज्याने ते केलं त्याच्या खांद्यांना ते सांगावं लागत नाही. यंत्र संपलं, गोळ्या संपल्या, सेक्शन संपलं, आणि हातांनी स्वतःचं जुनं काम सुरू केलं.

हे लिहून झाल्यावर मी दोनदा खोडलं. दोन माणसं मेली त्या घावांनी, त्यांनाही कुठेतरी आई होती, आणि मी त्यात सुगी शोधतोय. लिहिणाऱ्याला असली उपमा सुचली की तो आधी खूश होतो, मग त्याला लाज वाटते. तरी ठेवतोय. कारण शौर्य म्हटलं की आपल्याला तलवार दिसते, आणि मला वाटतं त्या दिवशी टायबरच्या खोऱ्यात जे होतं ते शेतकऱ्याच्या अंगातलं होतं.

टायबर म्हणजे रोमच्या मधून वाहते तीच नदी. वर उंब्रिया प्रांतात ती लहान असते, दोन्ही बाजूंना टेकड्या, टेकड्यांच्या माथ्यावर दगडी तटबंदीची गावं. ४ जून १९४४ रोजी दोस्तांच्या फौजा रोममध्ये शिरल्या. त्याचा गाजावाजा जेमतेम दोन दिवस टिकला, कारण ६ जूनला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या आणि जगाने मान तिकडे वळवली. इटलीची आघाडी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेली. पण लढाई थांबली नव्हती. जर्मन मागे हटत होते ते एकेक टेकडी लढवत, उत्तरेकडे गॉथिक लाइन नावाची तटबंदी पुरी व्हायला वेळ मिळावा म्हणून. २० जूनला पेरुजिया पडलं. त्यापुढच्या खोऱ्यात दहावी भारतीय डिव्हिजन चढत होती, आणि त्यात तिसरी मराठा पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन, घाडग्यांची. एकेका टेकडीवर एक मशीनगन, तिच्या आजूबाजूला लपलेले नेमबाज. ती टेकडी घेतली की पुढची. घाडग्यांची टेकडी त्यांतली एक. नकाशावर ज्यांची नावं मोठ्या अक्षरांत येतात त्या लढायांमध्ये ती मोजलीही जात नाही.

त्या डिव्हिजनचा सेनापती डेनिस रीड. हा माणूस तीन वर्षं आधी, मार्च १९४१ मध्ये, इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईत याच तिसऱ्या मराठा पलटणीचा कर्नल होता. केरेनचे कडे नुसते चढायचे म्हटलं तरी छाती फुटावी असे. तिथला पिनॅकल नावाचा सुळका त्याच्या मराठ्यांनी रात्रीच्या अंधारात इटालियनांकडून घेतला. म्हणजे इटलीत त्या जुलैमध्ये ही पलटण डोंगर चढत होती तेव्हा वर नकाशासमोर बसलेल्या साहेबाला ती पोरं कशी चढतात हे ठाऊक होतं. साहेबाला ठाऊक असणं पोरांच्या फायद्याचं असतं की तोट्याचं, ते काका सांगू शकतील. मी विचारलं नाही.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. दोन्ही इटलीत. दुसरा मिळाला तो नामदेव जाधवांना, पहिल्या पलटणीचे शिपाई, तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. पलीकडचा काठ जर्मनांच्या मशीनगननी विंचरून काढलेला, हल्ल्यातले बहुतेक जण पडलेले. जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणलं. मग एकटेच परत गेले. हाताला जखम झाली, टॉमी गन धरवेना, ती टाकून दिली आणि हातबॉम्बवर भागवलं. तीन मशीनगन ठाणी गप्प केली. आणि मग काठाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी शिवाजी महाराजांच्या नावाची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हाताने खुणावलं, या.

जाधव जगले. २ ऑगस्ट १९८४ रोजी वारले.

आणि त्यांची जन्मतारीख? १८ नोव्हेंबर १९२१.

घाडगे दोन दिवसांनी मोठे. एक सह्याद्रीच्या अलीकडचा, एक पलीकडचा. एकाच्या घराभोवती भात, दुसऱ्याच्या बाजरी. एकच रेजिमेंट, एकच देश परका, एकच हत्यार हातात, आणि दोघांच्याही हातात ते ऐन वेळी निरुपयोगी झालं. एकाने ते फेकून दिलं, एकाने उलटं धरलं. मी ज्योतिष मानत नाही. मानणाऱ्यांपुढे मात्र या दोन कुंडल्या ठेवायची मला फार इच्छा आहे.

जाधव त्या सकाळनंतर ३९ वर्षं जगले. ३९ वर्षं म्हणजे काय, हे त्या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय मला कधी मोजता आलं नव्हतं. देश स्वतंत्र होताना पाहणं. महाराष्ट्र होताना पाहणं. ७२ चा दुष्काळ. केस पिकणं. कुणीतरी 'अहो, तुम्हीच ना ते?' म्हणून विचारणं आणि आपण 'हो' म्हणणं. घाडग्यांच्या वाट्याचं हे सगळं त्या मोर्च्यात राहिलं. शौर्यपदक मरणोत्तर असलं की आपण 'मरणोत्तर' हा शब्द पदवीसारखा उच्चारतो. खरं तर त्याचा अर्थ एवढाच की पदक घ्यायला दुसरं कुणीतरी गेलं.

ते घ्यायला घाडग्यांची पत्नी गेली. मार्च १९४५, दिल्लीचा लाल किल्ला, व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल. व्हिक्टोरिया क्रॉस दिसायला अगदी साधा असतो. काळपट ब्राँझ, त्यावर सिंह आणि 'शौर्यासाठी' एवढेच शब्द. हिरे नाहीत, सोनं नाही. फीत मात्र गडद लाल, जवळजवळ कुंकवाच्या रंगाची. ज्या बाईचं कुंकू पुसलं गेलं तिच्या हातात साम्राज्याने ती फीत ठेवली. कुणाला काही खटकलं नसावं.  १८५६ पासून हे पदक दिलं जातं, पण हिंदी शिपाई त्याला पात्र ठरला तो १९११ पासून.

आठ महिन्यांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, त्याच लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला. शाहनवाज खान, सहगल, धिल्लन. बचावाला भुलाभाई देसाई, आणि नेहरूंनी कित्येक वर्षांनी बॅरिस्टरचा झगा चढवलेला. सगळा देश त्या तिघांच्या मागे उभा राहिला. तेही हिंदी सैनिकच होते, त्याच फौजेत भरती झालेले. मार्चमध्ये त्या किल्ल्यात पलटणीशी इमान राखून मेलेल्याची विधवा सन्मानाने उभी होती. नोव्हेंबरमध्ये इमान बदललेले आरोपी म्हणून उभे होते आणि लोकांच्या मनात तेच वीर झाले होते. दोन्ही दृश्यांना भिंती त्याच.

इथे माझी नेहमी पंचाईत होते. घाडग्यांवर मराठीत जे लिहिलं जातं ते 'देशासाठी प्राण दिले' असं असतं. कुठल्या देशासाठी? १९४२ च्या ऑगस्टमध्ये गवालिया टँकवर 'छोडो भारत' झालं होतं. पलीकडे सातारा जिल्ह्यात, जिथल्या घराघरातून पोरं याच रेजिमेंटमध्ये जात, तिथेच नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं होतं. एकाच गावात एक भाऊ इंग्रजांच्या पगारावर आणि दुसरा इंग्रजांचा खजिना लुटायच्या बेतात, असं सहज होऊ शकणारा तो काळ. मग घाडगे कुणाचे? उलट बाजूने कुणी 'भाडोत्री' म्हणतं तेव्हा मला त्याहून राग येतो. त्या युद्धात २५ लाख हिंदी माणसं फौजेत होती, सक्तीची भरती नसताना. इंग्रज म्हणत ही लढाऊ जात आहे म्हणून येते. मला वाटतं शेत लहान होतं म्हणून येत होती. कोकणातल्या घरातल्या मुलापुढे तेव्हा दोन वाटा. मुंबईची गिरणी नाहीतर पलटण. दोन्हीकडून घरी यायची ती मनीऑर्डर. गिरणीत फुप्फुसं जायची, पलटणीत जीव जाऊ शकायचा, पण पेन्शन होती.

पोटासाठी भरती झालेला माणूस पोटासाठी मरत नाही, हे मात्र कुणालाही कळावं. पगारात तेवढी ताकद नसते. आणि व्हाइसरॉयसाठी कुणी बंदूक नळीकडून धरत नाही. सुभेदारकाकांचं उत्तर मला आजवर मिळालेल्या उत्तरांत सगळ्यांत लहान आहे आणि म्हणून खरं वाटतं. दहा माणसांचा एक देश होता. तो त्याच्या डोळ्यांसमोर पडला.

पलटणीचं म्हणाल तर ती दोन्ही बाजूंना पुरून उरली. तिसरी मराठा पलटण १७९७ ची. पहिल्या महायुद्धात ती ११०वी मराठा म्हणून मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडली. उपासमार सोसून एप्रिल १९१६ मध्ये तिथल्या सगळ्या फौजेबरोबर तिलाही शस्त्रं खाली ठेवावी लागली. मग केरेन, मग इटली. पुढे तीच पलटण छत्रीधारी झाली आणि १९४८ मध्ये काश्मीरमध्ये झांगरला ब्रिगेडिअर उस्मानांच्या हाताखाली लढली. १९५२ मध्ये तिचं नाव बदललं, २ पॅरा. ११ डिसेंबर १९७१ ला बांगलादेशात टांगाइलच्या आभाळातून जे जवान उतरले ते हेच, आणि पाच दिवसांनी ढाक्यात सगळ्यांत आधी शिरले तेही हेच. मला हे कळलं तेव्हा मी उठून सुभेदारकाकांच्या दारावर थाप मारली. त्यांना ते ठाऊक होतं, अर्थातच. "मग?" म्हणाले. "पलटण काय १५ ऑगस्टला नवीन आणली होती का?"

खरंच आहे. झेंडा एका रात्रीत बदलला. चढण चढायची रीत, पोरांचे आवाज, लंगरातली आमटी आणि महाराजांच्या नावाची आरोळी दुसऱ्या दिवशी सकाळी तीच होती. आपण इतिहासाची पानं १९४७ ला फाडून दोन वह्या केल्या. घाडगे नेमके फाटलेल्या कडेवर आले.

इटलीच्या युद्धात ५,७८२ हिंदी सैनिक मेले. त्या आघाडीवर दिलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैनिकांचे. मेलेल्यांपैकी ज्यांची कबर आहे ते कबरीत आहेत. ज्यांना अग्नी दिला गेला त्यांच्यासाठी वेगळी स्मारकं आहेत. एकट्या फोर्लीच्या स्मारकावर सातशेहून अधिक नावं. आणि ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांची नावं इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकाच्या दगडी फलकांवर कोरली आहेत. यशवंत घाडगे तिथे. कोकणातल्या घरात माणूस गेला की दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवेना म्हणजे जाणाऱ्याची काही इच्छा राहिली आहे. मग एकेक जण पुढे होऊन सांगतो, अमुक करू, तमुकाला सांभाळू, जा आता. पळसगावात त्या वर्षी पिंडापाशी कोण काय बोललं असेल याचा विचार मी अनेकदा करतो. 'मुलुखात आणू शकलो नाही' हे कुणी म्हटलं असेल का?

जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात, पेरुजियाजवळ, त्या गावकऱ्यांनी आणि तिथल्या सैनिकी इतिहासाच्या अभ्यासकांनी यशवंत घाडग्यांचं एक स्मारक उभारलं. पुतळा नाही. सूर्यघडी. सावलीवरून वेळ सांगणारी. तिच्यावर लॅटिनमध्ये एक ओळ आहे. अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली जगतो. स्मारक उभारणारे लोक म्हणजे ज्यांच्या आज्यापणज्यांनी तळघरात लपून त्या मशीनगनचा आवाज ऐकला असेल अशी माणसं. त्यांना मराठी येत नाही. 'घाडगे' हा उच्चार त्यांच्या तोंडी कसा होत असेल, 'गादजे' वगैरे, याची मला गंमत वाटते. पण माणगावात पुतळ्यापासून शंभर पावलांवर मी चाळीस वर्षं जाऊन-येऊन जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी त्या माणसाला एक वेळ ठरवून दिली.

मोंतोनेच्या टेकड्यांवर जुलैत कडक ऊन असतं. गव्हाची कापणी होत असते किंवा नुकती झालेली असते, जमीन पिवळी. सूर्यघडीवर सावली चाकूने आखल्यासारखी पडत असेल.

पळसगावात १० जुलैला बहुधा आषाढ असतो. सूर्यघडीचा इथे चार महिने काही उपयोग नाही. दिवस वर आला की उतरला हे शेतातल्या बायकांना भूक लागली की कळतं. १९४४ च्या त्या दिवशीही लावणीच चालू असणार. गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं, हातात रोपांची जुडी, आणि वरून संततधार. तार यायला अजून बरेच दिवस होते.